मुलांच्या हातीं कादंबरी

(एका निवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)



एप्रिल महिन्यांत वार्षिक परीक्षा आटोपतात आणि जूनच्या मध्याला शाळा पुन्हां उघडतात. मधल्या सहा-सात आठवड्यांत मुलांनीं काय करावें, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून दरसाल निघतो, आणि त्याचें उत्तरही बहुधा ठरलेलें असतें. सकाळीं पोहण्याचा वर्ग, दुपारीं पुढल्या इयत्तेच्या गणिताचा वर्ग, संध्याकाळीं आणखी कसला तरी वर्ग, आणि मध्यें जो वेळ सांपडेल तो मोबाईलचा. ह्या दिनक्रमांत एका चांगल्या मराठी कादंबरीला जागा मिळावी, एवढीच माझी आजची मागणी आहे. मागणी लहान दिसते. पण ती मी आग्रहानें कां करीत आहें, हें आपल्यापुढें मांडण्यासाठीं हीं थोडीं मिनिटें घेतों.

माध्यमिक शाळेंतल्या विद्यार्थ्याला कादंबरी भेटते ती क्रमिक पुस्तकांत. एखाद्या नामवंत कादंबरीचीं चार-पांच पानें उचलून त्यांचा धडा केलेला असतो. धड्याच्या आधीं लेखकाचा परिचय, धड्याखालीं कठीण शब्दांचे अर्थ, आणि शेवटीं ‘एका वाक्यांत उत्तरें लिहा’. ह्यांत कोणाला दोष देतां येत नाहीं. पाऊण तासाच्या तासिकेंत आणि साठ मुलांच्या वर्गांत ह्याहून अधिक कांहीं करणें कठीण असतें. परंतु सिंहगडाच्या वाटेवरचा एक दगड घरीं आणून ठेवला म्हणजे गड चढल्यासारखें होत नाहीं. त्याचप्रमाणें चार पानांचा धडा वाचला म्हणजे कादंबरी वाचली असें होत नाहीं. कादंबरीचें सारें सामर्थ्य तिच्या लांबींत आहे. एखादें माणूस आपल्यापुढें लहान असतें, मोठें होतें, चुकतें, सोसतें, बदलतें. आणि तितका वेळ आपण त्याच्या घरांत राहत असतों. हें राहणें चार पानांत होत नाहीं. त्याला सलग दिवस लागतात, आणि तसे दिवस विद्यार्थ्याला वर्षांतून एकदांच, उन्हाळ्यांत मिळतात. मुलगा दहावी उत्तीर्ण होतो, मराठींत नव्वदाच्या वर गुण मिळवितो, आणि तरीही एक सबंध मराठी कादंबरी त्यानें वाचलेली नसते, असा अनुभव मला शिक्षकाच्या नोकरींत वारंवार आला.

एके काळीं घरांतील वडील मंडळींना कादंबरीची भीति वाटत असे. कादंबऱ्या वाचणारा मुलगा वाया गेला अशी त्यांची समजूत होती, आणि भूमितीच्या पुस्तकाखालीं कादंबरी लपवून वाचणारीं मुलें घरोघर होतीं. आजच्या पालकांना ती भीति उरलेली नाहीं. त्यांचा प्रश्न निराळा आहे. ते विचारतात, ‘ह्याचा उपयोग काय?’ ह्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देतों. प्रवेशपरीक्षेंत ह्यानें एकही गुण वाढणार नाहीं. शब्दसंग्रह वाढेल, वाक्यरचना सुधारेल, हें खरें. पण तेवढ्यासाठीं कादंबरी वाचावयास नको, निबंधाचीं पुस्तकें त्यासाठीं आहेतच. कादंबरी जें करते तें दुसरें कोणतेंही पुस्तक करीत नाहीं. ती वाचकाला कांहीं दिवस दुसऱ्या माणसाच्या जागीं बसविते आणि तेथून जग पाहावयास लावते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या स्वतःच्या सुखदुःखापलीकडचें फारसें दिसत नसतें. तो वयाचाच धर्म आहे. नेमक्या त्याच वयांत ही संवय लागली तर ती जन्मभर टिकते, आणि तेव्हां लागली नाहीं तर पुढें नोकरीधंद्याच्या धांवपळींत ती लागणें दुर्घट असतें.

ह्याचें उदाहरण आपल्या पुण्यांतच घडलेलें आहे. हरि नारायण आपटे ह्यांचें शिक्षण येथल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें झालें. १८९० सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यांनीं ‘करमणूक’ नांवाचें साप्ताहिक सुरू केलें, आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. १८९३ सालीं ती पुस्तकरूपानें निघाली. हिची नायिका यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते. बालपण, लग्न, सासर, नवऱ्याच्या सहवासांतले थोडे सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य आणि बळजबरीनें झालेलें केशवपन. तिची मैत्रीण दुर्गी, तिचे आईवडील, तिचा छळ करणारे शंकरमामंजी, हीं सारीं माणसें शंभर वर्षांपूर्वींच्या पुणेरी घरांत जशीं होतीं तशीं तेथें वावरतात.

ही कादंबरी आठवड्यामागून आठवडा छापली जात होती त्याच काळांत, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारावर नेण्याचा तो कायदा होता, आणि त्यावरून पुण्यांत सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांत रणें माजलीं. शास्त्रार्थ झाले, कायद्याचे कीस निघाले. त्या सगळ्या गोंगाटांत मुलीला काय वाटतें हें कोणी विचारलें नव्हतें. हरिभाऊंनीं तिलाच बोलावयास लावलें. १८९३ सालींच, म्हणजे पुस्तक निघालें त्या वर्षीं, धोंडो केशव कर्वे ह्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला, आणि १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. कादंबरीनें समाज सुधारला असा दावा मी करीत नाहीं. माणसें पुस्तकें वाचून एका रात्रींत सुधारत नसतात. एवढेंच म्हणतों कीं, वादांत जिला कोणी पुसत नव्हतें तिचा आवाज घराघरांत ऐकूं आला तो एका कादंबरींतून.

एकदां मीं नववीच्या वर्गांत ह्या कादंबरींतला केशवपनाचा प्रसंग वाचून दाखविला. वाचन संपल्यावर एका मुलीनें उभें राहून विचारलें, ‘सर, पण तिनें सरळ नाहीं म्हणून कां सांगितलें नाहीं?’ प्रश्न अगदीं प्रामाणिक होता. आजच्या मुलीला तसा प्रश्न पडावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याचें उत्तर मला त्या तासांत देतां येईना, कारण आधींचीं सारीं प्रकरणें हेंच त्याचें उत्तर आहे. लहानपणापासून यमूचा ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार कसा तिळातिळानें काढून घेतला गेला, आणि तो काढून घेणाऱ्यांत तिच्यावर माया करणारीं माणसेंही कशीं होतीं, हें पहिल्या पानापासून तिच्याबरोबर राहिल्यावांचून कळत नाहीं. मीं त्या मुलीला पुस्तक दिलें आणि सुटींत वाचावयास सांगितलें. जूनमध्यें तिनें तें परत केलें तेव्हां ती इतकेंच म्हणाली, ‘आतां मी तसें विचारणार नाहीं.’ परीक्षेंत ह्याला गुण नव्हते. पण एका माणसाला दुसरें माणूस समजलें होतें.

तथापि, सुरुवात आपट्यांपासून करूं नये, हें मी मुद्दाम सांगतों. शंभरांवर वर्षांपूर्वींची भाषा, विस्तार मोठा, आणि आजच्या मुलांना अनोळखी असे कितीतरी शब्द. ज्या मुलानें एकही कादंबरी वाचलेली नाहीं त्याच्या हातीं ती दिली तर तो विसाव्या पानावर थांबेल, आणि मराठी पुस्तकें कंटाळवाणीं असतात असा कायमचा निकाल देऊन मोकळा होईल. जवळून सुरुवात करून मागें जावें.

ज्याला वाचनाची मुळींच गोडी नाहीं, त्याला प्रथम भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा पोरगा आठवींतल्या मुलाला हमखास पकडून ठेवतो. त्यानंतर प्रकाश नारायण संत ह्यांचें ‘वनवास’. १९९४ सालीं निघालेल्या ह्या पुस्तकांत लंपन नांवाचा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. तो आपल्या मनांतलें ज्या भाषेंत सांगतो तिच्यांत बेळगांवकडच्या मराठीचें कानडी वळण आहे. पुण्याची मराठी तेवढीच मराठी असें समजणाऱ्या मुलांना ती भाषा पहिल्या दहा पानांत हंसविते आणि पुढें त्यांना सोडीनाशी होते. संतांचीं ह्या मालिकेंतलीं आणखी तीन पुस्तकें आहेत; पहिलें आवडलें कीं मूल पुढचीं आपणहून मागतें. मिलिंद बोकील ह्यांची ‘शाळा’ ही २००४ सालची कादंबरी आणीबाणीच्या काळांतल्या नववीच्या मुलांची आहे. वर्गांतल्या मुलीकडे चोरून पाहणारा तिचा नायक पालकांना कदाचित् अवघडवील. पण त्या वयाच्या मुलांच्या मनांत जें चाललेलें असतें तें इतक्या सभ्यपणें आणि खरेपणानें लिहिलेलें वाचणें, हें त्यांनीं दुसरीकडे तेंच भलत्या रीतीनें पाहण्यापेक्षां शतपटीनें बरें.

नववींतून दहावींत जाणाऱ्या मुलांसाठीं माझी पहिली पसंती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला आहे. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेली ही छोटीशी कादंबरी चार दिवसांत वाचून होते. ती मला आवडते ह्यांत माझ्या पेशाचा पक्षपात असेल. माणदेशांत, त्या वेळच्या औंध संस्थानांत, धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळा पोरगेला मास्तर नेमला जातो. शाळा आहे, पण मुलें मेंढरांमागें. तो मास्तर हळूहळू त्या वाडीचा होतो. लोकांचीं पत्रें लिहितो, भांडणें सोडवितो, तालमीची इमारत उभी करवितो. त्या वाडींतला शेकू नांवाचा शेतकरी पाहा. त्याच्याजवळ एकच बैल उरतो, तेव्हां त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागीं स्वतः औताला खांदा देते. माडगूळकर हें सांगतात तें आवाज जराही न चढवितां. पुढें दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. हा लेखक पुढें आकाशवाणीच्या पुणें केंद्रावर दीर्घकाळ काम करीत होता, आणि ऐकणाऱ्याला समजेल असें साधें वाक्य कसें लिहावें ह्याचा वस्तुपाठ त्याच्या पानोपानीं आहे. आपल्या पंख्याखालीं बसून ज्या मुलाला पाणी म्हणजे नळाची तोटी एवढेंच ठाऊक आहे, त्यानें मे महिन्यांतच हें पुस्तक वाचावें.

‘श्यामची आई’ बहुतेक घरांत असते, आणि बहुतेक मुलांनीं ती वाचलेली असते असें सांगण्यांत येतें. वस्तुतः ती त्यांना फार लहानपणीं, औषधासारखी दिलेली असते. साने गुरुजींनीं ती १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत लिहिली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. बेचाळीस रात्रींत सांगितलेली ती एका घराची हकीकत आहे. तिसरींतल्या मुलाला तींत खोटें बोलूं नये, आईचें ऐकावें एवढेंच दिसतें. पंधराव्या वर्षीं पुन्हां वाचावी. मग एका खातेऱ्या-पित्या कोंकणी घराला कर्ज कसें आंतून पोखरून काढतें, सावकाराच्या माणसासमोर घरच्या बाईची काय अवस्था होते, आणि अशा दिवसांत मुलांसमोर ताठ उभें राहण्यासाठीं त्या आईला किती जपावें लागतें, हें दिसूं लागतें. रडविणारें पुस्तक म्हणून तें बाजूला ठेवूं नये. डोळे पुसून झाल्यावर त्यांत पाहण्यासारखें पुष्कळ उरतें.

दहावीची परीक्षा दिलेल्यांसाठीं आणखी दोन नांवें घेतों. पहिलें अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’चें. वारणेच्या खोऱ्यांतल्या वाटेगांवीं १९२० सालीं जन्मलेल्या ह्या लेखकाला शाळेचें शिक्षण जवळजवळ मिळालेंच नाहीं, आणि १९५९ सालीं त्यानें ही कादंबरी दिली. ती त्यानें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. दुष्काळांत उपाशी मरणाऱ्या आपल्या लोकांसाठीं धान्य लुटणारा, आणि जातीच्या जात गुन्हेगार ठरवून हजेरी घेणाऱ्या इंग्रजी सत्तेपुढें उभा राहणारा मांग वीर तिचा नायक आहे. दुसरें नांव आनंद यादव ह्यांच्या ‘झोंबी’चें. १९८७ सालीं निघालेल्या ह्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या एका शेतकऱ्याचा मुलगा शिकूं पाहतो, आणि बाप त्याला शाळेंतून काढून मळ्याच्या कामाला जुंपतो. मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत पोंचण्यासाठीं त्यानें बापाशीं, गरिबीशीं आणि नशिबाशीं जी झटापट केली तिची ही कहाणी. ज्या मुलाला शाळा म्हणजे जुलूम वाटते त्याला उपदेश करण्याऐवजीं हें पुस्तक त्याच्या उशाशीं ठेवावें आणि आपण गप्प बसावें.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या यादींत दुःखच फार. कोवळ्या मुलांना एवढें कशाला? हा आक्षेप मीं पालकांच्या तोंडून अनेकदां ऐकला आहे. माझें उत्तर असें. मुलें दुःख पाहतच असतात. बातम्यांत पाहतात, रस्त्यावर पाहतात, घरांतही पाहतात. तें क्षणभर दिसतें आणि पुढें सरकतें, म्हणून तें त्यांना कळत नाहीं, नुसती संवय होते. चांगल्या कादंबरींत दुःखाला मागचें-पुढचें असतें, कारण असतें, आणि तें सोसणाऱ्याचें नांव असतें. तें घरांत बसून, आईवडील जवळ असतांना भेटणें, हें त्याच्याशीं ओळख होण्याचें सर्वांत सुरक्षित ठिकाण आहे. शिवाय ह्या पुस्तकांत हंसूं नाहीं असें थोडेंच आहे? लंपनबरोबर हंसलेलें मूलच शेकूच्या बायकोसाठीं रडतें.

आतां ज्या घरांतलीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात त्यांच्याशीं बोलतों. आणि श्रोत्यांत अशीं घरें आज थोडीं नसतील. हीं मुलें इंग्रजी कादंबऱ्या सहज वाचतात आणि मराठी पुस्तक उघडलें कीं अक्षरें लावीत बसतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याआधीं २०२० सालीं राज्यांतल्या सर्व शाळांत मराठी शिकविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. दर्जा आणि कायदा ह्यांनीं भाषेची प्रतिष्ठा वाढेल. पण नातवानें आजीचें बोलणें नुसतें ऐकावें कीं समजावें, हें कायद्याच्या हातांत नाहीं. ‘सोवळें’, ‘माजघर’, ‘पडवी’, ‘बलुतें’ हे शब्द ज्याला कधींच भेटले नाहींत, त्याला आपल्या पणजीचें आयुष्य शब्दकोशांत शोधूनही सांपडणार नाहीं. एकाच घरांत दोन पिढ्या एकमेकींना परक्या होऊन राहतील, ह्याची मला खरी काळजी वाटते.

ह्यावर एक सोपी युक्ति सांगतों. अर्नेस्ट हेमिंग्वे ह्यांची म्हाताऱ्या कोळ्याची प्रसिद्ध लघुकादंबरी १९५२ सालीं इंग्रजींत निघाली. पु. ल. देशपांडे ह्यांनीं ती १९६५ सालीं ‘एका कोळियाने’ ह्या नांवानें मराठींत आणली. मुलानें आधीं इंग्रजी वाचावें, आणि लगेच मराठी. कथा ठाऊक असल्यामुळें भाषा अडवीत नाहीं, आणि मूळचें एखादें साधें इंग्रजी वाक्य मराठींत कसें उतरलें हें पाहण्यांत त्याला स्वतःलाच गंमत वाटूं लागते. उलट दिशेनेंही जातां येतें. ‘बनगरवाडी’चें इंग्रजी भाषांतर १९५८ सालींच झालेलें आहे. ज्याला मराठी वाचणें फारच जड जातें त्यानें प्रथम तें वाचून मग मूळ हातीं घ्यावें. दोन भाषांच्या मध्यें मूल अडखळतें असें आपण समजतों. नीट हात धरला तर तें ह्या कांठावरून त्या कांठावर सहज ये-जा करूं लागतें.

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, मोजमापाची. रोज पंधरा पानें, चाळीस दिवस, म्हणजे सहाशें पानें होतात. इतक्यांत ‘बनगरवाडी’, ‘वनवास’ आणि आणखी एखादें लहान पुस्तक सहज बसतें. पंधरा पानांना अर्धा-पाऊण तास पुरे. ह्यासाठीं कोणताही वर्ग बंद करावा लागत नाहीं.

दुसरी, पुस्तकें मिळविण्याची. सगळीं विकत घ्यावीं असें मुळींच नाहीं. पुणें नगर वाचन मंदिर १८४८ पासून आणि पुणें मराठी ग्रंथालय १९११ पासून ह्या शहरांत आहे. मुलाला बरोबर घेऊन जावें, त्याच्या स्वतःच्या नांवानें वर्गणी भरावी, आणि कपाटांसमोर त्याला एकटें सोडून आपण दूर उभें राहावें. विकत घ्यावयाचें तर अप्पा बळवंत चौक जवळच आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ १९१९ सालीं आणि साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले असल्यामुळें त्यांचीं पुस्तकें अनेक प्रकाशकांनीं काढलीं आहेत आणि स्वस्त मिळतात. मात्र मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द आहे का तें पाहून घ्यावें. संक्षिप्त कादंबरी म्हणजे पुन्हां तोच धडा, फक्त जरा लांब.

तिसरी गोष्ट निषेधाची आहे. वाचून झाल्यावर मुलाला सारांश लिहावयास लावूं नये. ‘ह्यापासून बोध काय घेतलास?’ असें विचारूं नये. पाहुण्यांसमोर ‘आमच्या बंडूनें सुटींत पांच कादंबऱ्या वाचल्या’ असें मिरवूं नये. ज्या क्षणीं पुस्तकाला परीक्षेचा वास लागतो त्या क्षणीं मुलाचें मन त्यांतून निघून जातें. एखादें पुस्तक पन्नास पानांपर्यंत वाचूनही आवडलें नाहीं, तर तें मिटून दुसरें घेण्याची त्याला मुभा असावी. आपण मोठीं माणसें तरी हातीं घेतलेलें प्रत्येक पुस्तक कोठें पुरें करतों?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मुलांना सांगावयाची नसून आपल्याला सांगावयाची आहे. तें पुस्तक आपणही वाचावें. आई वाचीत असलेलें पुस्तक मुलीला हवेंसें वाटतें. आईनें वाच म्हणून सांगितलेलें वाटेलच असें नाहीं. आणि आपट्यांची कादंबरी तर मोठ्यानें वाचण्याचीच आहे. तिच्या पहिल्या वाचकांनीं ती एका बैठकींत वाचलीच नव्हती. ‘करमणूक’चा अंक येई, एक तुकडा वाचून होई, आणि पुढें काय झालें ह्यासाठीं आठवडाभर वाट पाहावी लागे. तीच रीत पुन्हां धरावी. जेवणें झाल्यावर, गच्चींत किंवा दिवाणखान्यांत, रोज एक प्रकरण. एके दिवशीं वडिलांनीं वाचावें, एके दिवशीं आजीनें, आणि मुलांची भीड चेपली कीं त्यांनीं. जुना शब्द अडला कीं आजी तो सांगेल, आणि शब्द सांगतां सांगतां तिला आपल्या आईची एखादी आठवण येईल. ती आठवण कोणत्याही पुस्तकांत छापलेली नाहीं, आणि कोणी विचारल्यावांचून ती सांगितलीही जाणार नाहीं. ती सांगणारीं माणसें आपल्या घरांत आज आहेत. किती उन्हाळे असतील हें कोणास सांगतां येतें?

परीक्षा संपण्यास आतां थोडे दिवस राहिले आहेत. निकालाची वाट न पाहतां त्याआधींच एखाद्या संध्याकाळीं ग्रंथालयांत जाऊन दोन पुस्तकें घरीं आणून ठेवावीं. एक मुलासाठीं आणि एक आपल्यासाठीं. आठ दिवसांनीं त्यांची अदलाबदल करावी.